न ऐकण्याचा हुकूम

नदीच्या वळणावर उंबरवळे नावाचं गाव होतं. तिथं हैबतराव नावाचा एक गुळव्या राहायचा. उसाच्या रसाचा गूळ करावा तर त्यानंच. त्याच्या गुऱ्हाळातला गूळ केशरासारखा पिवळा निघायचा आणि जिभेवर ठेवला की विरघळायचा. लांबलांबचे लोक गाड्या भरून ऊस घेऊन त्याच्याकडे यायचे.

माणूस मनानं मोठा होता. गुऱ्हाळावर आलेल्या कुणालाही रस पाजल्याशिवाय तो सोडायचा नाही. त्याची खोड एकच होती. त्याचं बोलणं त्याच्याच बोलण्याला आडवं जायचं. वाक्याच्या पुढच्या पायात मागचा पाय अडकायचा आणि वाक्य तोंडावर आपटायचं. गावाला ते दिसायचं. हैबतरावाला कधी दिसायचं नाही.

"मी कुणावर ओरडत न्हाई!" तो चुलाणापाशी, गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीपाशी, उभा राहून गर्जायचा. त्या आवाजानं पलीकडच्या बांधावरचे बगळे उडायचे.

"मला कौतुक अजिबात आवडत न्हाई," तो म्हणायचा. आणि मग हळूच, "हे चार माणसांना सांगा जरा. लोकांना ठावंच नसतं."

"आपलं बोलणं कमी, काम जास्त," हे तो रस तापायला लागल्यापासून काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरेपर्यंत सांगत राहायचा.

एकदा बांगड्या विकणारा एक कासार गुऱ्हाळावर रस प्यायला थांबला. परका माणूस, गावात पहिल्यांदाच चाललेला. हैबतरावानं त्याला मायेनं सावध केलं.

"पाहुणं, जपून बरं. या गावातल्या कुणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवू नका. एकूणएक माणूस थापाड्या हाय."

"तुम्ही कुठल्या गावचं?" कासारानं विचारलं.

"मी? मी याच गावचा. माझा जन्म इथला."

कासारानं तोंडाला लावलेला पेला खाली घेतला. "मग तुमच्या या बोलण्यावर भरवसा ठेवू, का नको?"

"ठेवा की! मी सांगतोय न्हवं?"

कासार पेटी उचलून गावाकडं निघाला. थोडं चालला आणि थांबला. मागं फिरला. पुन्हा थांबला. भर उन्हात तो बिचारा वाटेवर उभाच राहिला. शेवटी हैबतरावाची बायको तानूबाई हिला त्याची दया आली. तिनं त्याला सावलीत बोलावलं.

"दादा, तुम्ही आधी माझ्या सुनेला बांगड्या भरा. आन् आमच्या ह्यांचं बोलणं रसासारखं असतं. प्यायचं आन् विसरायचं. साठवून ठेवलं तर आंबतं."

असं सगळं हसण्यावारी जायचं. संध्याकाळी गावातले लोक रस प्यायला यायचे, आणि रसाबरोबर हैबतरावाचं एखादं नवं वाक्य घेऊन घरी जायचे. घरोघरी हशा पिकायचा.

पण एका माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. तो म्हणजे हैबतरावाचा मुलगा सर्जेराव.

सर्जेराव अंगानं धिप्पाड होता. उसाची मोळी फुलासारखी उचलायचा. लहानपणापासून गुऱ्हाळातच वाढलेला, त्यामुळे गुळाचं काम त्याच्या अंगात मुरलं होतं. पण वडिलांच्या बोलण्यानं त्याचे पाय बांधून टाकले होते. त्यानं न विचारता काही केलं, की हैबतराव म्हणायचा, "मला विचारायचं न्हाई व्हय? एवढा मोठा झालास?" विचारून केलं, की म्हणायचा, "एवढंसुद्धा विचारावं लागतं? कधी मोठा होणार तू?"

दोन्हीकडून बोलणी. मग सर्जेरावानं आपल्यापुरता एक तोडगा काढला. आबांच्या तोंडाकडं बघायचं. ते म्हणतील ते करायचं. स्वतःचं डोकं चालवायचंच नाही. हळूहळू त्याला तेच सोपं वाटायला लागलं.

त्या वर्षी हंगाम जोरात होता. एके दिवशी हैबतराव दाढी करायला गावात गेला. जाताना सर्जेरावाला म्हणाला, "काहिल उकळतेय. ध्यान दे."

सर्जेरावानं ध्यान दिलं. रस आटत गेला, दाट झाला, पिवळा झाला. बुडबुडे मोठे यायला लागले. गूळ तयार झाला, काहिल उतरवायला हवी, हे त्याला दिसत होतं. गडी काहिलीच्या कड्यांत वासे घालून तयार उभे होते. पण आबा समोर नव्हते. कुणाच्या तोंडाकडं बघणार?

सर्जेराव धावत सुटला. बांध ओलांडले, ओढा ओलांडला, गावात शिरला. न्हाव्यानं हैबतरावाचा एक गाल नुकताच गुळगुळीत केला होता. दुसऱ्या गालावर साबणाचा फेस होता.

"आबा," सर्जेराव धापा टाकत म्हणाला, "काहिल उतरवू का?"

हैबतरावाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे अजून उतरवली न्हाईस?"

"तुम्हाला न विचारता कशी उतरवू?"

हैबतराव तसाच उठला. एका गालावर फेस, खांद्यावर न्हाव्याचं फडकं. बाप पुढं आणि लेक मागं, असे दोघं गावातून पळत सुटले. लोक दारांतून बघत राहिले. गुऱ्हाळ अजून दूर होतं तेव्हाच करपल्याचा वास आला. काहिलीत काळा, कडू गोळा झाला होता. जनावरंही त्याला तोंड लावेनात.

नशीब एवढंच की तो ऊस घरचा होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता.

हैबतराव त्या दिवशी फारसा रागावला नाही. तो घाबरला. आपल्या मागं हे गुऱ्हाळ कसं चालणार, हा विचार पहिल्यांदा त्याच्या मनात शिरला आणि तिथंच बसून राहिला. संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तेव्हा त्यानं घसा साफ केला.

"सर्जा, उद्यापासनं तू तुझ्या मनानं चालायचं."

"व्हय आबा."

"मला विचारायचं न्हाई."

"बरं आबा."

"मी काही सांगितलं तरी ऐकायचं न्हाई. समजलं?"

"समजलं आबा. न्हाई ऐकत."

हैबतरावानं समाधानानं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडाशी नेता नेता तो थांबला.

"म्हणजे हे तू माझं ऐकलंस?"

"व्हय आबा."

"अरे, ऐकायचं न्हाई म्हटलं न्हवं?"

"मग हे ऐकू नको?"

"न्हाई न्हाई, हे ऐक!"

"म्हणजे ऐकायचं?"

"ऐकायचं न्हाई, एवढं ऐकायचं!"

सर्जेरावाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याची बायको मैना वाढत होती. ती मोठ्या हसऱ्या घरातून आलेली मुलगी. तिनं हसू दाबायला पदर तोंडात धरला, पण तिला राहवलं नाही.

"मामंजी, एक विचारू? ह्यांनी तुमचं ऐकलं, तर ऐकायचं न्हाई हा हुकूम मोडतो. आन् न्हाई ऐकलं, तर हुकूम पाळला, म्हणजे ऐकलंच की. मग ह्यांनी करायचं तरी काय?"

"तेच तर!" हैबतराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "ते त्याचं त्यानं ठरवायचं! मी कशाला सांगू? मी सांगतो तसं त्यानं आपल्या मनानं ठरवायचं!"

तानूबाईला एवढं हसू आलं की ठसका लागला. मैनेनं तिला पाणी दिलं, आणि देता देता स्वतःच खाली बसून हसायला लागली. सासू-सुना एकमेकींना धरून हसत होत्या. हैबतरावाला काय झालं ते कळेना. तोही थोडा हसला, कारण सगळे हसत होते.

सर्जेराव मात्र हात धुवायला उठला. मैना तांब्या घेऊन मागं गेली.

"तुम्हाला हसू येत न्हाई?" तिनं विचारलं.

"उद्या पारूआक्काची काहिल हाय," सर्जेराव म्हणाला.

मैनेचं हसू थांबलं.

पारूआक्का गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा नव्हता. तिच्याजवळ उसाचा एक लहानसा तुकडा होता. साऱ्या वर्षात तिचा एकाच काहिलीचा गूळ व्हायचा. त्यावर तिचं वर्ष निघायचं. आणि या वर्षी तर तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळंतिणीचे लाडू त्याच गुळाचे व्हायचे होते.

"तुम्हाला काहिल कळते का न्हाई?" मैनेनं विचारलं.

"काहिल कळते," सर्जेराव म्हणाला. "आबांचं तोंड कळत न्हाई."

 मैनेनं त्याच्या हातावर पाणी ओतलं, आणि दोघं घरात आले.

सकाळी पारूआक्काची गाडी गुऱ्हाळावर आली. गाडीतला ऊस उतरत होता तोवर तिच्या कानावर आलं, की आज हैबतराव काही सांगणार नाही, सगळं सर्जेराव बघणार. कालच्या करपलेल्या काहिलीची गोष्ट तिनं ऐकलेली होती.  ती तडक हैबतरावासमोर जाऊन उभी राहिली.

"हैबतबापू, माझा वर्षाचा ऊस हाय. तुमचा पोरावर भरवसा हाय का?"

"पुरता भरवसा!" हैबतराव छातीवर हात ठेवून म्हणाला. "म्हणून तर मी दिवसभर इथं बसून त्याच्यावर डोळा ठेवणार हाय."

 गाडी परत भरून दुसऱ्या गुऱ्हाळावर न्यावी का, असं पारूआक्काच्या मनात आलं. पण चरक सुरू झाला होता. बैल गोल फिरत होते. तिचा ऊस कांडी कांडी करून पिळला जात होता, आणि रसाची धार काहिलीत पडत होती. आता माघारी फिरणं नव्हतं. ती काहिलीपासून जरा लांब बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

हैबतराव जांभळाच्या झाडाखाली बाज टाकून बसला. बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि स्वतःच्या तोंडावर त्याचाही फारसा भरवसा नसावा. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि तोंडाभोवती गुंडाळून मागं गाठ मारली.

चुलाणात पिळलेल्या उसाची वाळकी चिपाडं धडधडायला लागली. रसावर मळकट फेसाची मळी आली. सर्जेरावानं ती झाऱ्यानं काढली. मळी काढताना तो मध्येच जांभळाखाली बघायचा. हैबतराव दोन्ही हातांनी खूण करायचा, "इकडं बघू नकोस." मग लगेच दुसरी खूण करायचा, "डावीकडची मळी राहिली." सर्जेराव गोंधळून उभा राहायचा. गडी माना खाली घालून हसायचे. रस प्यायला आलेले गावकरी हसायचे. पटक्याच्या आतून घोगरा आवाज आला, "मी काही बोलत न्हाई!" तेव्हा तर डोळे मिटलेली पारूआक्काही हसली.

सकाळ सरली, ऊन चढलं. रस आटला. पातळ होतं ते दाट झालं, फिकं होतं ते पिवळं झालं. सगळ्या शिवारात गोड वास पसरला. आता खरी वेळ जवळ आली. गुळाच्या कामात ही एकच वेळ महत्त्वाची. पाक लवकर उतरवला तर गूळ घट्ट बसत नाही, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. उशीर झाला तर करपतो. मधला तेवढा क्षण पकडायचा असतो.

गड्यांनी काहिलीच्या कड्यांत वासे घातले आणि ते तयार राहिले. हसणं आपोआप थांबलं. पारूआक्का उठून उभी राहिली होती.

तेवढ्यात वारं फिरलं. चुलाणाचा धूर जांभळाखाली गेला. धुराचा वास हैबतरावाच्या नाकात शिरला, आणि कालचा तो काळा गोळा त्याच्या डोळ्यांपुढं आला. आज ऊस परक्याचा होता, तोही पारूआक्काचा. तो बाजेवरून उडी मारून उठला. पटका तोंडावरून ओढून काढला.

"उतरवा! सर्जा, उतरव! जळाली, जळाली!"

गड्यांनी वासे खांद्याला लावले.

"अरे न्हाई! माझं ऐकू नकोस!" हैबतरावाला कालचा हुकूम आठवला. "तुझ्या मनानं चाल! पण उतरव! मनानं उतरव! लवकर!"

सगळे सर्जेरावाकडं बघायला लागले. सर्जेराव सवयीनं आबांच्या तोंडाकडं बघत होता. त्या तोंडावर "ऐक" आणि "ऐकू नकोस" दोन्ही एकदमच होतं.

सर्जेरावाच्या मनात झर्रकन हिशेब झाला. काहिल उतरवली, तर आबांचा कालचा शब्द मोडतो. नाही उतरवली, तर आजचा मोडतो. आजवर त्याला साऱ्या जगात एकच भीती होती, आबांचा शब्द मोडण्याची. आता तो शब्द मोडणारच होता. काहीही केलं तरी मोडणार होता.

मग भ्यायचं कशाला?

इतक्या सोप्या गोष्टीचं त्याला हसूच आलं. अंगावरून मोळी उतरावी तसं त्याला वाटलं. त्यानं आबांच्या तोंडावरची नजर काढली आणि काहिलीकडं बघितलं. नीट, डोळे भरून बघितलं. बुडबुडे उठत होते, पण अजून लहान होते. रंग पिवळा होता, पण अजून त्यावर ती खोल झाक आली नव्हती. त्यानं पळीनं थोडा पाक घेतला आणि थंड पाण्याच्या भांड्यात सोडला. बोटांनी चाचपला. पाक बोटांत मऊ लागला. त्याची गोळी होईना.

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. "अजून झाला न्हाई. जाळ घाला."

गडी जागीच थिजले. सर्जेरावाच्या तोंडून "न्हाई" हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी सर्जेरावाकडं बघितलं, मग मालकाकडं बघितलं. वासे खांद्यावर होते. हैबतरावानं नुसतं बोट हलवलं असतं, तरी काहिल उतरली असती. गुऱ्हाळ त्याचं होतं. गडी त्याचे होते. आणि या कामात त्याला नाही म्हणणारा माणूस आजवर झाला नव्हता.

हैबतरावाचं तोंड उघडं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पारूआक्कानं दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला. तानूबाई आणि मैना चरकापाशी उभ्या होत्या. तानूबाई हलकेच म्हणाली, "गप बसा हो, एकदा तरी."

ते हैबतरावाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तो काहिलीजवळ आला. मुलासमोर उभा राहिला.

"का न्हाई?" त्यानं विचारलं. आवाज एवढा हळू होता की बांधावरचा एकही बगळा हलला नाही.

"बघा," सर्जेराव म्हणाला, आणि त्यानं पाण्याचं भांडं पुढं केलं.

हैबतरावानं पाण्यात बोटं घातली. पाक चाचपला. मऊ होता. उतरवला असता, तर पारूआक्काचा सगळा गूळ पावसाळ्यात वाहून गेला असता. आपण लांब बसून, धुराच्या वासाला भिऊन ओरडलो, आणि पोरानं मात्र जवळ उभं राहून बघितलं, हे त्याला तिथंच कळलं. त्यानं बोटं धोतराला पुसली. गड्यांकडं वळला.

"सर्जा म्हणतोय तसं करा," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

जाळ वाढला.  चिपाडांची तडतड आणि पाकाची गदगद तेवढी ऐकू येत होती. सर्जेराव काहिलीवर वाकून उभा होता. घाम त्याच्या भुवयांवरून टपकत होता, पण त्यानं मान वर केली नाही. त्यानं पुन्हा पाक पाण्यात सोडून बघितला, आणि मान हलवली. थोड्या वेळानं परत बघितला. या वेळी बोटांत टणक गोळी झाली. त्यानं ती पितळी ताटात टाकली. टण्ण असा आवाज आला.

"उतरवा!"

गड्यांनी वासे उचलले. काहिल चुलाणावरून डुलत निघाली आणि गूळ निववायच्या वाफ्यात रिकामी झाली. सोन्याचा लोट पडावा तसा गूळ पसरला. सर्जेराव फावड्यानं तो खालीवर करत राहिला. गूळ निवत गेला आणि त्याचा रंग उजळत गेला. तसा पिवळा गूळ गुऱ्हाळातून यंदाच्या हंगामात निघाला नव्हता. ढेपा भरल्या तेव्हा पारूआक्का प्रत्येकीवरून हात फिरवत होती, जणू लेकीचं बाळ आत्ताच घरात आलं होतं.

"घ्या, हैबतबापू," ती म्हणाली, आणि तिनं एक खडा त्याच्या हातावर ठेवला.

हैबतरावानं खडा तोंडात टाकला. डोळे मिटले. सगळं गुऱ्हाळ त्याच्याकडं बघत होतं. आता काय ऐकायला मिळणार, ते लोकांना साधारण ठाऊक होतं. "बघा, माझं ऐकलं म्हणून झालं." किंवा "बघा, मीच सांगितलं होतं माझं ऐकू नकोस म्हणून." गडी ओठ दाबून तयार होते. मैनेनं आधीच पदर तोंडाला लावला होता.

हैबतरावानं डोळे उघडले.

"सर्जा," तो म्हणाला, "मी चुकलो होतो. तुझं बरोबर होतं."

लोक थांबले. आता "पण" येणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. बैलांनी कान हलवले. चुलाणातलं एक चिपाड फुटलं. "पण" काही आलं नाही. हैबतराव गुळाचा खडा चघळत मुलाकडं बघत होता, आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

सर्जेराव हातातलं फावडं टाकून पुढं आला आणि वडिलांच्या पाया पडायला वाकला. हैबतरावानं त्याला वरच्या वर धरलं. गुळानं माखलेले दोघांचे हात एकमेकांना चिकटले. मग गुऱ्हाळावर एकच गलका झाला. आलेल्या प्रत्येकाला रस मिळाला, बैलांना उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी मिळाली, आणि पारूआक्कानं आपल्या गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. तानूबाई एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्यानं पेले भरत होती.

पुढं पारूआक्काच्या लेकीला मुलगी झाली. लाडू चांगले झाले. सर्जेराव गुऱ्हाळ बघायला लागला. कधी त्याचं चुकायचं, बहुतेक वेळा बरोबर यायचं. काही अडलं तर तो आबांना विचारायचा, आणि हैबतराव सांगण्याआधी म्हणायचा, "तुला काय वाटतं, ते आधी सांग." त्यानंतर त्याला गप्प बसावं लागायचं. ते त्याला फार जड जायचं. त्याचा चेहरा लाल व्हायचा, मिशा थरथरायच्या, पण तो गप्प बसायचा.

तात्पर्य एवढंच: "माझं न ऐकता आपल्या मनानं वाग" असा हुकूम कुणालाच पाळता येत नाही. माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं वाटत असेल, तर त्याला तसं बजावू नये. आपण दोन पावलं मागं सरून त्याला जागा द्यावी, आणि आपलं चुकलं तर "पण" न लावता कबूल करावं.